देवळालीचा ताप आणि इतर दुर्मिळ शब्द

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० साली झाली, म्हणजे शनिवारवाड्यावरचे निशाण उतरून तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही लोटली नव्हती. आणि तेव्हापासून आजतागायत गोदाकाठच्या या गावात इंग्रजी विद्येची हौस असणाऱ्या माणसांची वाण कधी पडली नाही. आज शहरातील कोणत्याही अभ्यासिकेत डोकावले असता, स्पर्धापरीक्षांच्या किंवा परदेशी विद्यापीठांतील प्रवेशाच्या तयारीस लागलेली तरुण मंडळी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढून, डाव्या अंगास अनोळखी इंग्रजी शब्द आणि उजव्या अंगास त्याचा मराठी अर्थ, अशी शेकड्यांनी नोंद करताना दिसतात. हा उद्योग स्तुत्य आहे आणि त्यामागील चिकाटीबद्दल प्रस्तुत लेखकास मनापासून आदर आहे. परंतु परीक्षेचा दिवस उलटला की या वहीतील बहुतेक शब्द ज्या वेगाने पाठ झाले त्याच वेगाने विस्मृतीत जातात, हा जो सार्वत्रिक अनुभव आहे, त्याचे कारण विद्यार्थ्याच्या बुद्धीत शोधू नये, वहीच्या त्या रचनेत शोधावे. गावात नवखा मनुष्य आला असता त्याचे केवळ नाव ऐकून आपण ते विसरतो, पण तो कोणत्या मुलखातला, कोणत्या घराण्यातला आणि करतो काय, एवढी विचारपूस झाली म्हणजे तो कायमचा ओळखीचा होतो. शब्दांचेही तसेच आहे. या प्रकरणात काही दुर्मिळ इंग्रजी शब्दांची अशी विचारपूस करावयाची आहे, आणि तिचा आरंभ खुद्द नाशिकच्या पंचक्रोशीत जन्मलेल्या एका शब्दापासून करणे सर्वांत सोयीचे.

इंग्लंडातील सामान्य माणसाच्या तोंडी ‘डूलॅली’ असे एक विशेषण आहे. ज्याचे डोके ठिकाणावर नाही, जो भ्रमिष्टासारखा वागतो, त्याच्याविषयी ते वापरतात; ‘तो डूलॅली झाला’ म्हणजे त्याला वेड लागले, किंवा निदान त्याचे भान सुटले. हा शब्द उच्चारणाऱ्या इंग्रजांपैकी पुष्कळांना याची गंधवार्ताही नसते की आपण या क्षणी महाराष्ट्रातील एका रेल्वे स्टेशनाचे नाव घेत आहोत. ते नाव देवळालीचे. १८६१ च्या सुमारास इंग्रज सरकारने तेथे गोऱ्या फौजेसाठी मुक्कामाची छावणी उभारली. विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेले शिपाई पुढे निरनिराळ्या पलटणींत रवाना होण्यापूर्वी येथे थांबत, आणि नोकरीची मुदत भरलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथेच पडून राहत. गोम या वाट पाहण्यात होती. फौजेची ने-आण करणारी जहाजे उन्हाळा आणि पावसाळा टाळून साधारणतः नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच अवधीत सुटत असत. त्यामुळे ज्याची मुदत वसंतात संपली त्याला पुढची थंडी उजाडेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, तंबूत दिवस कंठणे भाग पडे. अंगावर काम नाही, पुढ्यात लढाई नाही, घर सुटून वर्षे लोटलेली, आणि घरी जाण्याचा हुकूम हाती असून पाय मात्र जागचे हलत नाहीत, अशा स्थितीत वैशाखाचे ऊन, डास आणि दारू यांची भर पडली म्हणजे धडधाकट माणसाच्या मनाचाही तोल जावा यात नवल कसले? फ्रँक रिचर्ड्‌स नावाच्या एका साध्या शिपायाने हिंदुस्थानातील आपल्या नोकरीच्या आठवणी १९३६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, त्यांत देवळालीच्या या रिकाम्या दिवसांची आणि त्यांतून उपजलेल्या या शब्दप्रयोगाची हकिकत त्याने नोंदवून ठेवली आहे.

मूळ शब्दप्रयोग दोन पदांचा होता: ‘डूलॅली टॅप’. यातील ‘टॅप’ म्हणजे पाण्याचा नळही नव्हे आणि हलकी टिचकीही नव्हे. तो आपला ‘ताप’ आहे. फारसीत तापाला ‘तब’ म्हणतात, हिंदुस्थानीत ‘तप’ म्हणतात, आणि संस्कृतातील ‘तप्’ हा धातू तर सर्वांच्या परिचयाचाच आहे. गोऱ्या शिपायाच्या कानी बाजारातून, भिश्त्याकडून, दवाखान्यातील नोकराकडून तो शब्द पडला आणि त्याने तो छावणीच्या नावाला जोडला. ‘देवळालीचा ताप’ असा त्याचा सरळ मराठी अर्थ आहे. पुढे हे शिपाई घरोघर परतले, त्यांच्याबरोबर शब्द गेला, पहिल्या महायुद्धात तो सर्व पलटणींत पसरला, आणि क्रमाने दुसरे पद गळून पडून एकटे ‘डूलॅली’ शिल्लक राहिले. १९७४ साली बीबीसीने दूरदर्शनवर जी सैनिकी हास्यमालिका सुरू केली, तिचे आरंभीचे कथानकही देवळालीच्याच छावणीत घडते. म्हणजे साम्राज्य मोडून पाव शतक उलटल्यावरही हे गाव इंग्रजांच्या स्मरणात होते. याच देवळालीची हवा इतकी उत्तम की मुंबईच्या पारशी आणि गुजराती कुटुंबांनी प्रकृती सुधारण्यासाठी तेथे आरोग्यभुवने बांधली, हेही येथे सांगितले पाहिजे. शब्दावर विसंबून कोणी त्या गावाची प्रकृती ठरवू नये. ताप हवेचा नव्हता, खोळंब्याचा होता.

एवढी कैफियत ऐकल्यावर ‘डूलॅली’चा अर्थ पाठ करण्याची गरज कोणास उरेल असे वाटत नाही. तो अर्थ तर लक्षात राहतोच, शिवाय त्या अर्थाची छटाही कळते: हे वैद्यकातील उन्मादाचे नाव नाही, न्यायालयात किंवा रोग्याच्या नोंदपत्रात ते शोभणार नाही, ते शिपायांच्या बराकीतले, घरगुती, काहीसे हलके बोलणे आहे. दोन रकान्यांच्या वहीत ‘वेडा’ एवढाच अर्थ लिहिणाऱ्याच्या हातून नेमकी हीच छटा निसटते.

परक्याच्या कानाने ऐकलेल्या शब्दांचा असा कायापालट ही काही एकट्या देवळालीची गोष्ट नव्हे. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघा विद्वान अंमलदारांनी हिंदुस्थानी वळणाच्या इंग्रजी शब्दांचा जो प्रचंड कोश १८८६ मध्ये छापला, त्याला त्यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे नाव दिले ते याच कारणाने. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या जिभेवर चढला तो ‘हॉब्सन-जॉब्सन’ होऊन. आपले मुंगूस पोर्तुगिजांच्या मध्यस्थीने इंग्रजीत गेले आणि तेथे इतके रुळले की ते मराठीतून आले आहे हे सांगितल्यावाचून आता इंग्रजास कळत नाही. आणि देवळाली कॅम्पाला अगदी लागून असलेल्या भगूर गावी २८ मे १८८३ रोजी विनायक दामोदर सावरकरांचा जन्म झाला. ‘महापौर’, ‘हुतात्मा’, ‘दिनांक’ असे शब्द मराठीला देऊन ज्यांनी भाषाशुद्धीची चळवळ आयुष्यभर चालविली, त्यांच्या वेशीपाशीच इंग्रजी भाषा एका मराठी गावनावाचा आपल्या कोशात समावेश करून घेत होती.  

आता गावाकडून घराण्याकडे वळू. दुर्मिळ म्हणून जे इंग्रजी शब्द आपणांस भिववितात, त्यांतील फार मोठा भाग लॅटिन आणि ग्रीक या दोन भाषांतून आलेला आहे. आणि या दोन भाषा संस्कृतच्या सख्ख्या नात्यातल्या आहेत, ही गोष्ट विल्यम जोन्स याने २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे जाहीरपणे मांडली. तेव्हा ज्या मराठी विद्यार्थ्याने शाळेत थोडे का होईना संस्कृत शिकलेले आहे, त्याच्या घरीच या कुलुपांच्या काही किल्ल्या पडून आहेत. एका शब्दाचे उदाहरण सविस्तर घेण्याजोगे आहे. ‘हॉरिपिलेशन’ म्हणजे अंगावर काटा उभा राहणे. शब्द सहसा आढळत नाही; इंग्रज माणूस अशा प्रसंगी हंसाच्या पिसे काढलेल्या कातडीची उपमा देऊन मोकळा होतो. पण संस्कृत ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांत मात्र तो वरचेवर भेटतो, कारण भाषांतरकारापुढे ‘रोमहर्ष’ हा शब्द उभा असतो, आणि गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन आपल्या शरीराची अवस्था सांगताना तो उच्चारतो. आता घटना पाहा. लॅटिन ‘पिलुस’ म्हणजे केस, रोम. लॅटिन ‘हॉरेरे’ म्हणजे ताठ उभे राहणे, शहारणे. आणि हा धातू व संस्कृत ‘हृष्’ हे दोन्ही एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. म्हणजे ‘हॉरिपिलेशन’ आणि ‘रोमहर्ष’ यांचे घटक अर्थाने तर जुळतातच, आणि त्यांपैकी एक रक्तानेही जुळतो.

येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. ‘हृष्’चा आद्य अर्थ केस उभे राहणे असाच होता, आयुर्वेदात आंबट किंवा थंड पदार्थाने दात शिवशिवतात त्या विकाराला ‘दन्तहर्ष’ म्हणतात, त्यात आनंदाचा काही संबंध नाही, तेथे तो जुना अर्थ जिवंत आहे. पुढे आपल्याकडे अंगावर उभे राहणारे रोम आनंदाचे चिन्ह मानले गेले आणि ‘हर्ष’ म्हणजे आनंद झाला. रोमन लोकांकडे तेच उभे राहणारे केस भीतीचे चिन्ह ठरले आणि त्याच धातूपासून ‘हॉरर’ हा शब्द निपजला. एका शारीरिक अनुभवाच्या दोन शाखा, एक हर्षाकडे गेली, दुसरी थरकापाकडे. हे ज्याला एकदा उमगले त्याला ‘हॉरिपिलेशन’ आयुष्यात पुन्हा कोशात पाहावा लागणार नाही.

अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. ‘जेन्युफ्लेक्ट’ म्हणजे चर्चमध्ये वेदीपुढे गुडघा टेकून वंदन करणे. लॅटिन ‘जेनू’ हा आपल्या ‘जानु’चाच भाऊ, आणि ज्याला ‘आजानुबाहु’ कळतो त्याला तो कळायला हरकत नाही. ‘सेस्क्विपेडॅलियन’ हे विशेषण होरेस या रोमन कवीने लांबलचक शब्दांसाठी वापरले: ‘सेस्क्वि’ म्हणजे दीड, आणि पुढे ‘पद’, म्हणजे दीड पाऊल लांबीचा शब्द. मात्र या मार्गावर एक धोका आहे व त्याबद्दल विद्यार्थ्याला आधीच ताकीद दिलेली बरी. ध्वनी जुळला म्हणजे कुळ जुळले असे नाही. ‘बदनाम’, ‘बदसूर’, ‘बदमाश’ या शब्दांतील फारसी ‘बद’ आणि वाईट या अर्थाचा इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थ एकच, भाषा एकाच मोठ्या कुळातल्या, आणि तरीही या दोन शब्दांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. म्हणून नाते सांगण्यापूर्वी व्युत्पत्तिकोशाची साक्ष काढावी. मनाने जुळविलेली सोयरीक शास्त्रात ग्राह्य धरली जात नाही.

काही शब्दांची ओळख ग्रंथापेक्षा जमिनीवर लवकर पटते. पांडवलेण्यांच्या डोंगरावरून किंवा अंजनेरीच्या वाटेवरून सभोवार नजर टाकली म्हणजे डोंगरांच्या कडांवर एकावर एक चढत गेलेले पायऱ्यांसारखे थर स्पष्ट दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारसाचे जे लोट एकामागून एक पसरले व निवले, त्यांचे ते थर. या खडकाला भूगर्भशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि येथला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. जिना किंवा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आला आहे. त्याच खडकात लाव्हा निवताना वायूच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे खनिजयुक्त पाण्यामुळे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक जमले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर ते उघडे पडतात, आणि सिन्नरच्या ‘गारगोटी’ या खनिजसंग्रहालयात त्यांचे नमुने पाहावयास मिळतात. त्यांतील बहुसंख्य ‘झिओलाइट’ या वर्गातले. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला, तेव्हा तो फुगून त्यातून वाफ निघू लागली, जणू दगडाला उकळी फुटली. म्हणून ग्रीकमधील ‘उकळणे’ आणि ‘पाषाण’ या अर्थाची दोन पदे जोडून त्याने हे नाव बनविले. उकळी फुटण्याचे कारण असे की या स्फटिकांच्या अंतर्रचनेत अतिसूक्ष्म पोकळ्या असून त्यांत पाणी अडकलेले असते. त्यांचा नेहमीचा सोबती ‘अ‍ॅपोफिलाइट’, त्याच्या नावात ग्रीक ‘फिलॉन’ म्हणजे पान आहे, कारण तापविला असता तो पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो. सिन्नरच्या त्या दालनात काचेपलीकडचा स्फटिक पाहत हे दोन शब्द जो शिकेल, त्याच्या मनात शब्द, पदार्थ आणि त्या पदार्थाचा स्वभाव ही तिन्ही एकत्रच ठसतील.

दगडावरून आठवले म्हणून ‘पेट्रिकोर’. पहिल्या पावसाने तापलेल्या भूमीतून जो गंध उठतो त्याला हे नाव ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड टॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली दिले. ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे पाषाण, आणि ‘इकोर’ म्हणजे ग्रीक देवांच्या धमन्यांतून रक्ताऐवजी वाहणारा रस. कोरड्या हवेत दगडमातीत जे तैलद्रव्य शोषले जाते व पावसाच्या ओलाव्याने मोकळे होते, त्याला त्यांनी दगडाचा हा दिव्य रस कल्पिला. कनोजकडचे अत्तरवाले मातीतून हा गंध काढतात याचीही त्यांना माहिती होती. पण विंदा करंदीकरांचा ‘मृद्‌गंध’ हा काव्यसंग्रह १९५४ सालचा आहे. या अनुभवासाठी सुटसुटीत शब्द आपल्यापाशी शास्त्रज्ञांच्या दहा वर्षे आधी छापील स्वरूपात होता, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्याने अभिमानाने ध्यानात ठेवावी.

दुर्मिळ शब्दांच्या छंदात एक दोषही संभवतो, आणि त्याचा उत्तम दाखला इंग्रजी भाषेच्या सर्वांत थोर कोशाच्या इतिहासातच आहे. ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादन जेम्स मरे यांनी हाती घेतले व १८७९ मध्ये वाचकांना आवाहन केले की आपापल्या वाचनातून शब्दांची अवतरणे चिठ्ठ्यांवर उतरून पाठवावीत. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरे व्हायला १९२८ साल उजाडले. आधीच्या संपादकांच्या वेळेपासून जमलेल्या चिठ्ठ्या मरे यांनी तपासल्या तेव्हा त्यांना आढळले की ‘अब्यूजन’ या कालबाह्य शब्दाची सुमारे ५० अवतरणे हाती आहेत, आणि ‘अब्यूज’ या नित्याच्या शब्दाची पाचही नाहीत. वाचकांची नजर चमत्कारिक शब्दावर खिळली आणि रोजच्या शब्दावरून ती घसरून पुढे गेली. शब्दसंग्रहाच्या वह्यांत आजही हेच घडते. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा २९ अक्षरांचा शब्द एका दमात म्हणून दाखविणारी मुले आहेत. कशाची किंमत शून्य मानणे एवढाच त्याचा अर्थ, आणि लॅटिन व्याकरणातील ‘कवडीमोल’ या अर्थाच्या चार शब्दांची ती जोडणी. त्यातील ‘पिलि’ हा मघाचाच केस आहे, एवढे एक लक्षात घेण्यासारखे. एरव्ही हा शब्द पाठ करण्यात वेळ घालविण्यापेक्षा साध्या क्रियापदांचे दहा निरनिराळे उपयोग शिकणे अधिक फलदायी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग वहीत लिहावे काय? २०१७ साली शशी थरूर यांच्या एका वक्तव्यामुळे ‘फरागो’ हा शब्द भारतभर गाजला आणि एका दिवसात हजारोंनी तो कोशात शोधला. दोन रकान्यांच्या वहीत त्यापुढे ‘खिचडी’ किंवा ‘गोंधळ’ असे लिहिले जाईल. पण लॅटिनमध्ये ‘फरागो’ म्हणजे गुरांना घालण्याची मिश्र वैरण. ‘फार’ या जातीच्या धान्यावरून तो शब्द आला. जुव्हेनाल या रोमन उपरोधकाराने आपल्या पुस्तकातील सरमिसळ मजकुराला तेच नाव दिले, आणि तेथून गोठ्यातला शब्द वाङ्मयात आला. आज इंग्रजीत तो वैरणीसाठी वापरीत नाहीत. विसंगत, बहुधा खोट्यानाट्या गोष्टींच्या मिश्रणाला तो लावतात, आणि त्यात अवहेलना असते. चांगल्या गोष्टींच्या मिलाफाला ‘फरागो’ म्हणणे चूक होईल. एवढ्या चार ओळी वहीत आल्या तर एक पान एका शब्दाला लागेल हे खरे, पण तो शब्द कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये हे ते पान सांगेल.

वापरावयाचा प्रश्न शेवटी कवीकडे नेतो. नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयाचे विद्यार्थी, आपले कुसुमाग्रज, यांनी ‘मॅकबेथ’च्या आधारे ‘राजमुकुट’ लिहिले. त्या मूळ नाटकात राजाचा वध करून आलेला नायक आपल्या रक्ताळलेल्या हाताकडे पाहतो, आणि हे रक्त समुद्राने धुतले जाणार नाही, उलट त्यानेच समुद्र लाल होतील, असे त्याला वाटते. तेथे शेक्सपिअरने ‘इन्कार्नडाइन’ हा शब्द योजिला आहे. मांस या अर्थाच्या ‘कार्ने’वरून आलेले ते एक रंगवाचक विशेषण होते, आणि त्याचा रंग होता फिकट गुलाबी, कातडीचा. शेक्सपिअरने त्याचे क्रियापद केले, रक्ताच्या प्रसंगी वापरले, आणि तेव्हापासून इंग्रजीत तो रंग रक्तवर्ण झाला. एका कवीच्या एका ओळीने शब्दाचा रंग कायमचा बदलला. या लॅटिन वळणाच्या शब्दाला त्याने तशाच एका भारदस्त विशेषणाची जोड दिली आहे. आणि त्यांच्या लगोलग, पुढच्याच ओळीत, तोच आशय त्याने पुन्हा सांगितला आहे, हिरवे ते लाल होईल एवढाच, अगदी लहानलहान, शाळकरी पोरालाही ठाऊक असणाऱ्या शब्दांत, जेणेकरून पेनीभर पैसे देऊन रंगमंचापुढे उभ्या असलेल्या प्रेक्षकालाही तो कळावा.